नागपुरात मेडिकल लॅबचं मॅनेजर व्हायचंय? टेक्निशियनपासून तिथपर्यंतचा रस्ता, एकेक पायरी

मला दर आठवड्याला एखादा तरी मेसेज येतो, मॅडम डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) झालं, दोन वर्षांपासून लॅबमध्ये काम करून राहिलो, आता मॅनेजर व्हायचं तर काय करू, एमबीए करू का, कोणता कोर्स लावू. प्रत्येकाला वेगवेगळं टाइप करण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून ठेवते. मी धंतोलीतल्या एका छोट्या लॅबमध्ये टेक्निशियन म्हणून लागले, मग एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नाइट ड्युट्या केल्या, तिथे क्वालिटीचं काम अंगावर आलं आणि त्यातूनच मॅनेजर झाले. बारा वर्षं लागली. यातली तीनेक वर्षं तर फक्त कोणी नीट सांगणारं नव्हतं म्हणून गेली, ती तुमची जाऊ नयेत एवढ्यासाठी हा खटाटोप.

आधी एक प्रसंग सांगते, कारण मॅनेजरचं काम काय असतं ते मला त्या दिवशी समजलं. सकाळी साडेनऊची वेळ, बायोकेमिस्ट्रीचा टेक्निशियन धावत आला, मॅडम पोटॅशियम ९.२ आलं. दोनदा लावलं, दोन्ही वेळा तेच. कंट्रोल, म्हणजे मशीन तपासायला लावतात ते आधीच आकडा माहीत असलेले सॅम्पल, सकाळीच पास झालेले. पेशंट कोण तर रूटीन चेकअपला आलेल्या एक काकू, सॅम्पल देऊन बाहेर बाकावर बसून मुलाशी फोनवर बोलत होत्या. ९.२ पोटॅशियमवाला माणूस असा गप्पा मारत बसत नाही. मग त्याच सॅम्पलचं कॅल्शियम पाहिलं तर ४ च्या आसपास, अल्कलाइन फॉस्फेटेजही (एएलपी) एकदम खाली. पोटॅशियम वर, कॅल्शियम खाली, एएलपी खाली, हे तिन्ही एकत्र दिसले की डोक्यात एकच गोष्ट यायला पाहिजे, जांभळ्या ट्यूबमधलं ईडीटीए, म्हणजे रक्त गोठू नये म्हणून टाकलेलं रसायन, या सॅम्पलमध्ये गेलं. कारण त्या ट्यूबमध्ये जे मीठ असतं ते पोटॅशियमचंच असतं आणि ते कॅल्शियमला धरून ठेवतं. कलेक्शनच्या मुलाला विचारलं तर त्याने सरळ सांगितलं, लाल ट्यूबमध्ये रक्त कमी पडलं होतं, जांभळ्यात जास्त होतं, थोडं ओतलं. त्याच्या मनात काहीच वाईट नव्हतं, त्याला आठ महिन्यांत कोणी सांगितलंच नव्हतं की असं का करायचं नसतं. काकूंचं सॅम्पल परत घेतलं, पोटॅशियम ४.३.

मशीन बरोबर, कंट्रोल बरोबर, टेक्निशियन बरोबर, आणि तरी रिपोर्ट चुकीचा. ही जी मशीनच्या आधीची आणि नंतरची जागा आहे ना, तीच मॅनेजरची. हे डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

१. आधी समजून घ्या की लॅबमध्ये कोण काय असतं

नवीन मुलं इथेच गोंधळतात. लॅब डायरेक्टर किंवा लॅबचे प्रमुख म्हणजे पॅथॉलॉजिस्ट, बायोकेमिस्ट किंवा मायक्रोबायोलॉजिस्ट डॉक्टर, रिपोर्टची वैद्यकीय जबाबदारी त्यांची. क्वालिटी मॅनेजर म्हणजे सगळी सिस्टिम स्टँडर्डप्रमाणे चालते की नाही ते पाहणारा. आणि लॅब मॅनेजर म्हणजे माणसं, मशीन, रिएजंट (टेस्टची रसायनं), सॅम्पलची ने-आण, तक्रारी, खर्च, लायसन्स, हे सगळं ज्याच्या टेबलावर येतं तो. छोट्या लॅबमध्ये शेवटची दोन कामं एकाच माणसावर असतात आणि तो बहुतेक वेळा सिनियर टेक्निशियनच असतो.

इथे पहिला आणि सगळ्यात मोठा खड्डा. मॅनेजर झालो म्हणजे रिपोर्टवर सही करता येईल असं समजू नका. सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०१७ मध्ये स्पष्ट केलं की पॅथॉलॉजीच्या रिपोर्टवर पॅथॉलॉजीत पदव्युत्तर पात्रता असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही पाहिजे. तरीसुद्धा तुम्हाला असे मालक भेटतील जे म्हणतील, डॉक्टरसाहेब महिन्यातून एकदा येतात, त्यांची सही स्कॅन करून ठेवली आहे, तू लॅब सांभाळ, पगार चांगला देतो. मला पण अशी ऑफर आली होती, आणि त्या वेळी घरी पैशांची गरज होती म्हणून मी दोन दिवस विचारात पडले होते. नाही म्हणा. काही गडबड झाली तर डॉक्टर म्हणतील मी तो रिपोर्ट पाहिलाच नव्हता, मालक म्हणेल रोजचं काम मॅनेजर पाहतो, आणि पेशंटचा भाऊ तुमच्यासमोर उभा राहील.

२. शिक्षण, आणि ॲडमिशन घेण्याआधी काय तपासायचं

बारावी सायन्सनंतर डीएमएलटी, किंवा डिग्री म्हणजे बीएमएलटी, बीएस्सी एमएलटी, किंवा आपल्या नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं बीपीएमटी लॅबोरेटरी टेक्नॉलॉजी, ज्यात तीन वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप असते. मॅनेजरपर्यंत जायचं पक्कं असेल तर माझं स्पष्ट मत, डिग्री करा. डिप्लोमा करून सुद्धा पोचता येतं, मी पोचले, पण मोठ्या हॉस्पिटलांच्या जाहिरातींमध्ये डिग्री मागतात आणि मला मधे नोकरी सांभाळून ती करावी लागली. पुढे जमलं तर एमएस्सी, बायोकेमिस्ट्री किंवा मायक्रोबायोलॉजी किंवा एमएलटी.

एमबीए किंवा हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशनबद्दल सगळे विचारतात म्हणून सांगते, वाईट नाही पण लगेच नको. बेंचवर, म्हणजे प्रत्यक्ष टेस्ट लावण्याच्या कामात, पाच वर्षं काढल्यावर केलं तर त्यातलं काहीतरी उपयोगी पडतं, आधी केलं तर तुम्हाला सेल काउंटरवरचा फ्लॅगही (मशीनने दिलेली धोक्याची खूण) समजत नाही आणि टेक्निशियन तुमचं ऐकत नाहीत.

आता सापळा. गल्लीबोळात, एखाद्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर डीएमएलटीचे क्लास चालतात, सर्टिफिकेट दूरच्या कुठल्यातरी संस्थेचं असतं, वर्षभरात पास, हजेरीची गरज नाही. फी भरण्याआधी तीन प्रश्न विचारा आणि उत्तर लेखी मागा: डिप्लोमा कोणत्या विद्यापीठाचा किंवा बोर्डाचा, त्यावर महाराष्ट्राच्या परावैद्यक परिषदेत नोंदणी होते का, आणि प्रॅक्टिकल कोणत्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होणार. तिसऱ्या प्रश्नाला समोरचा माणूस अडखळला की उठून या. जमलं तर मेडिकल, मेयो (नागपूरची दोन्ही सरकारी मेडिकल कॉलेजं), एम्स किंवा एखाद्या मोठ्या हॉस्पिटलशी जोडलेल्या ठिकाणीच शिका, कारण मेडिकल-मेयोच्या ओपीडीत एका सकाळी जेवढ्या प्रकारचे सॅम्पल पाहायला मिळतात तेवढे छोट्या लॅबमध्ये महिनाभरात दिसत नाहीत.

३. नोंदणी आणि लस, दोन्ही लगेच

महाराष्ट्र परावैद्यक परिषदेचा कायदा २०११ चा आहे आणि केंद्राचा अलाइड आणि हेल्थकेअर प्रोफेशनवाला कायदा २०२१ चा. म्हणजे नोंदणीचं महत्त्व वाढतच जाणार, कमी होणार नाही. पास झाल्या झाल्या अर्ज करा. नोकरीच्या वेळी पाहू म्हणून ठेवलं की नेमकी चांगली जागा निघते आणि कागद तयार नसतो, माझ्या बरोबरच्या दोघींचं असंच झालं.

हिपॅटायटिस बी ची लस तीन डोसची, पहिला डोस, मग एक महिन्याने, मग सहा महिन्यांनी. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस टायटर (लस लागू पडली का ते सांगणारी रक्ताची टेस्ट) करा, १० किंवा त्याहून जास्त आलं पाहिजे. हे स्वतःसाठी करा आणि त्याचा कागद जपून ठेवा, उद्या मॅनेजर झालात की सगळ्या स्टाफचे हेच कागद ऑडिटर तुम्हाला मागणार आहे.

४. बेंचवरची वर्षं, इथे घाई करू नका

निदान पाच वर्षं. आणि पाच वर्षं एकाच मशीनसमोर बसून काढू नका. मी हीच चूक केली, तीन वर्षं फक्त हेमॅटोलॉजी, म्हणजे रक्तपेशींचं काम. सरांना सांगून, ड्युट्या बदलून, गरज पडली तर नोकरी बदलून कलेक्शन, हेमॅटोलॉजी, बायोकेमिस्ट्री, सेरॉलॉजी, क्लिनिकल पॅथॉलॉजी आणि थोडी तरी मायक्रोबायोलॉजी हाताखालून जाऊ द्या. कलेक्शनला कमी समजू नका, मी तर म्हणते सुरुवातच तिथून करा, कारण चुका तिथेच जास्त होतात. ट्यूबचा क्रम झोपेतून उठवलं तरी सांगता आला पाहिजे: ब्लड कल्चर, मग निळी सायट्रेट, मग लाल किंवा पिवळी, मग हिरवी हेपॅरिनची, मग जांभळी, शेवटी राखाडी. निळी ट्यूब खुणेपर्यंत भरली पाहिजे, नऊ भाग रक्त आणि एक भाग सायट्रेट, अर्धी भरली तर पीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ) उगाच लांबलेला येतो आणि डॉक्टर रक्त पातळ करायचं औषध कमी करून बसतात.

आता आपल्या नागपूरच्या खास तीन गोष्टी, कारण पुस्तकात या अशा सापडत नाहीत.

पहिली, ऊन. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि आपल्याकडे सॅम्पल भंडारा, गोंदिया, वर्धा, चंद्रपूर, गडचिरोलीहून येतात. साध्या ट्यूबमध्ये रक्त सेंट्रिफ्यूजमध्ये न फिरवता ठेवलं तर त्यातली साखर तासाला साधारण ५ ते ७ टक्के कमी होत जाते, कारण पेशी ती खात राहतात, उन्हात तर अजून जास्त. सकाळी सातला घेतलेलं सॅम्पल दुपारी बाराला नागपूरला पोचलं की डायबेटिसच्या पेशंटची शुगर नॉर्मल दिसते. मग काही लोक काय करतात तर पूर्ण रक्ताची ट्यूबच बर्फात ठेवून पाठवतात. हे पण चूक. थंडीत पेशीच्या भिंतीवरचा पंप मंद होतो आणि पोटॅशियम बाहेर झिरपत राहतं, रिपोर्टमध्ये ते वाढलेलं दिसतं आणि विशेष म्हणजे सिरम (रक्त गोठल्यावर वेगळं होणारं पिवळसर पाणी) लाल दिसत नाही म्हणून कोणाला शंकाही येत नाही. बरोबर पद्धत अशी की कलेक्शन सेंटरवरच रक्त गोठू द्यायचं, सेंट्रिफ्यूज करायचं, सिरम वेगळं करायचं आणि मग ते थंड पेटीत पाठवायचं, शुगरसाठी राखाडी ट्यूब वेगळी. यासाठी प्रत्येक सेंटरवर सेंट्रिफ्यूज पाहिजे, मालक म्हणेल खर्च कशाला, आणि तो खर्च त्याला पटवून देणं हे पुढे तुमचंच काम.

उन्हाशीच जोडलेली एक छोटी गोष्ट, कूलर. कलेक्शनच्या खोलीत असू द्या, पण जिथे स्लाइड वाळवता तिथे नको. दमट हवेत स्मिअर (स्लाइडवर पसरलेला रक्ताचा थर) हळू वाळतो, पेशींमध्ये चमकणारे ठिपके आणि भोकं दिसतात, आणि नवीन टेक्निशियन त्यांना काहीतरी आजार समजतो.

दुसरी, सिकलसेल. विदर्भात, खास करून पूर्व विदर्भात हा आजार किती आहे ते आपल्याला माहीतच आहे, केंद्राने २०२३ च्या जुलैपासून सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली. सोल्युबिलिटी टेस्ट सोपी आहे, स्वस्त आहे, पण ती पॉझिटिव्ह आली म्हणजे पेशंट वाहक आहे की आजारी हे तिच्यातून कळत नाही, त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी लागतं. लहान बाळात एचबी एफ (बाळांचं हिमोग्लोबिन) जास्त असल्यामुळे ती चुकीची निगेटिव्ह पण येते. मी एका मुलीच्या आईला रडताना पाहिलं आहे, कुठल्याशा लॅबने नुसतं सिकल पॉझिटिव्ह एवढंच लिहून दिलं होतं, मुलगी फक्त वाहक होती, तिला काहीच त्रास नव्हता आणि जुळलेलं लग्न मोडायला आलं होतं. रिपोर्टचे शब्द कसे असावेत हे पॅथॉलॉजिस्टबरोबर बसून ठरवून घेणं, आणि पुढची टेस्ट कुठे होते हे काउंटरवरच्या मुलीलाही सांगता येणं, हे मॅनेजरने केलं पाहिजे. तसंच सिकलसेलच्या पेशंटमध्ये लाल पेशी लवकर मरतात म्हणून एचबीए१सी (शुगरची तीन महिन्यांची सरासरी सांगणारी टेस्ट) कमी येतं, त्यावर भरवसा ठेवता येत नाही. हे आपल्या भागातल्या प्रत्येक लॅबमध्ये भिंतीवर लावून ठेवायला पाहिजे.

तिसरी, डेंग्यूचा सीझन. पावसाळा सुरू झाला की प्लेटलेटचे सॅम्पल ढिगाने येतात, आणि मशीन म्हणतं १८ हजार. घरच्यांची झोप उडते. काही लोकांच्या प्लेटलेट ईडीटीएमध्ये गोळा होऊन चिकटतात, मशीन त्या गठ्ठ्याला मोजत नाही आणि आकडा खोटा कमी येतो. स्मिअर पाहा, गठ्ठे दिसले तर निळ्या सायट्रेट ट्यूबमध्ये परत घ्या आणि पातळ झाल्याचा हिशेब म्हणून आलेल्या आकड्याला १.१ ने गुणा. आमच्याकडे नियम होता, ५० हजाराच्या खालचा पहिला रिपोर्ट स्लाइड पाहिल्याशिवाय जाणार नाही, कितीही गर्दी असो आणि कोणाचाही फोन येवो.

५. क्वालिटीचं काम मागून घ्या

हीच खरी शिडी आहे. लॅबमध्ये क्वालिटीच्या फाइली कोणालाच नको असतात, म्हणून तुम्ही हात वर केला की लगेच मिळतात.

मेडिकल लॅबचं स्टँडर्ड म्हणजे आयएसओ १५१८९, सध्याची आवृत्ती २०२२ ची, आणि त्याप्रमाणे मान्यता देणारी आपली संस्था म्हणजे एनएबीएल. स्टँडर्ड विकत घ्यावं लागतं पण एनएबीएलची बरीच डॉक्युमेंट त्यांच्या वेबसाइटवर फुकट आहेत, मेडिकल लॅबची ११२ नंबरवाली आधी वाचा. मग इंटर्नल ऑडिटचं ट्रेनिंग करा, ते साधारण चार दिवसांचं असतं, त्याचं सर्टिफिकेट मॅनेजरच्या इंटरव्ह्यूत खूप कामी येतं. लॅब पाठवत असेल तर उत्तम, नसेल तर स्वतःच्या पैशाने करा, मी तसंच केलं.

रोजच्या कामात या गोष्टी हातात घ्या. कंट्रोल रोज लावणं आणि लेव्ही-जेनिंग्ज चार्टवर, म्हणजे रोजच्या कंट्रोलच्या आकड्यांच्या आलेखावर, पाहणं. वेस्टगार्डचे नियम (कंट्रोल कधी फेल धरायचा ते सांगणारे) पाठ करू नका, चार्टवर ओळखायला शिका, मीन म्हणजे सरासरी आणि एसडी म्हणजे त्यापासून आकडे साधारण किती इकडेतिकडे होतात ते माप: एक पॉइंट ३ एसडीच्या बाहेर गेला तर थांबा, लागोपाठ दोन पॉइंट एकाच बाजूला २ एसडीच्या बाहेर गेले तर सगळं एका दिशेने सरकलं आहे, आणि एकाच रनमध्ये एक कंट्रोल वर दोनच्या पलीकडे तर दुसरा खाली दोनच्या पलीकडे गेला तर काहीतरी विस्कळीत झालं आहे, पिपेटिंग, बुडबुडा, असं काहीतरी. आणि दहा पॉइंट मीनच्या एकाच बाजूला आले तर भले सगळे आत असतील, तरी शोधा. आमच्याकडे एकदा कॅल्शियमचा कंट्रोल बारा दिवस मीनच्या वरच होता, रोज पास, कोणाचं लक्षच नाही. शेवटी पाण्यात निघालं, पाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटचं रेझिन संपलं होतं आणि बोअरचं जड पाणी तसंच मशीनपर्यंत पोचत होतं.

इथला सापळा सगळीकडे सारखाच आहे, कंट्रोल फेल झाला की पास होईपर्यंत परत परत लावायचा आणि पास झालेलाच तेवढा लिहायचा. असं करू नका आणि करू देऊ नका. फेल झालेला आकडा लिहा, काय केलं ते लिहा, मग पुढे जा. ऑडिटर फेल झालेल्या कंट्रोलवर रागावत नाही, वर्षभर एकही फेल नसलेली फाइल पाहून मात्र त्याचे डोळे बारीक होतात.

आपले आकडे बरोबर येतात का ते तपासायला बाहेरच्या संस्थेकडून येणारे सॅम्पल म्हणजे ईक्यूएएस, बायोकेमिस्ट्रीसाठी बऱ्याच लॅब वेल्लोरच्या सीएमसीचा प्रोग्रॅम घेतात, हेमॅटोलॉजीसाठी दिल्लीच्या एम्सचा. ते सॅम्पल आपल्या रोजच्या पेशंटसारखेच लावायचे, चांगल्या टेक्निशियनला बसवून तीनदा लावायचे नाहीत. दुसऱ्या लॅबला फोन करून तुमचं किती आलं असं विचारायचं तर अजिबातच नाही.

६. पैशाचं गणित शिका

टेक्निशियनला मॅनेजर होताना इथेच भीती वाटते. गणित पाचवीचंच आहे, फक्त कोणी करून दाखवत नाही म्हणून करून दाखवते.

समजा एका टेस्टची १०० टेस्टची किट १२,००० रुपयांची. कंपनीचा माणूस म्हणतो टेस्टला १२० रुपये पडतात. पण तुमच्याकडे त्या टेस्टचा रोज एकच पेशंट येतो, आणि टेस्ट लावायची तर दोन कंट्रोल लावावेच लागतात. म्हणजे रोज तीन गेल्या, त्यातली एक पेशंटची. १०० मध्ये पेशंट झाले ३३, टेस्ट पडली ३६४ रुपयांना. आता तीच टेस्ट आठवड्यातून दोनच दिवस लावली तर आठवड्याचे सात पेशंट आणि चार कंट्रोल, अकरा टेस्ट, १०० टेस्टमध्ये साधारण ६३ पेशंट होतात आणि खर्च येतो १९० रुपये. कॅलिब्रेशन आणि रिपीट यात धरलेच नाहीत, ते धरले की अजून वाढतो. सॅम्पल तेवढे दिवस टिकत असेल आणि डॉक्टरला उशीर चालत असेल तर बॅच करा, नाहीतर सरळ मोठ्या लॅबला पाठवा. हा हिशेब एका कागदावर करून मालकासमोर ठेवला की तो तुमच्याकडे वेगळ्या नजरेने पाहतो, माझं प्रमोशन अशाच एका कागदावरून निघालं.

मशीन फुकट देतो, फक्त रिएजंट आमचंच घ्या, असा करार खूप कंपन्या करतात. वाईट नसतो, पण सही करण्याआधी महिन्याला किमान किती रिएजंट घ्यावंच लागेल, मशीन बंद पडलं तर इंजिनिअर किती तासांत येणार, इंजिनिअर नागपुरात राहतो की मुंबईहून येणार, आणि करार मधेच मोडला तर काय, हे चारही लेखी घ्या.

स्टॉकसाठी एकच सवय, आधी संपणारा लॉट पुढे. नवीन लॉट आला की जुन्या लॉटबरोबर काही पेशंटचे सॅम्पल दोन्हीवर लावून पाहा, मगच वापरात आणा.

७. कायदा आणि कचरा

बायोमेडिकल वेस्टचे नियम २०१६ चे. मॅनेजर म्हणून प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी, कचरा नेणाऱ्या एजन्सीचा करार, बारकोड आणि रोजचं रजिस्टर तुमच्याकडे. लाल पिशवीत प्लास्टिक, पांढऱ्या, सुई आरपार न जाणाऱ्या डब्यात सुया, निळ्यात काच, पिवळ्यात रक्ताने भरलेला कापूस वगैरे. कल्चर प्लेट आधी लॅबमध्येच निर्जंतुक करून मग द्यायच्या. कचरा ४८ तासांच्या वर ठेवायचा नाही, दिवाळीच्या सुट्ट्यांमध्ये इथेच सगळे फसतात, आधीच एजन्सीला फोन करून गाडीचं पक्कं करा.

टीबीचा रुग्ण सापडला की निक्षयवर (सरकारचं टीबीचं पोर्टल) कळवणं लॅबला बंधनकारक आहे. एचआयव्हीची टेस्ट संमतीशिवाय नाही आणि रिपोर्ट काउंटरवर कोणाच्याही हातात नाही, २०१७ चा कायदा आहे त्याचा.

कोणाला सुई टोचली तर जखम दाबायची नाही, साबण-पाण्याने धुवायची आणि लगेच सांगायचं. पीईपीचं, म्हणजे एचआयव्हीची लागण टाळायचं औषध शक्यतो दोन तासांत सुरू व्हायला पाहिजे, ७२ तासांनंतर उपयोग नाही. रात्री दोन वाजता कुठे जायचं, कोणाला फोन करायचा हे भिंतीवर मोठ्या अक्षरात लावा. टोचल्यावर मॅडम रागावतील म्हणून लपवणारी मुलं मी पाहिली आहेत, ती लपवणार नाहीत असं वातावरण ठेवणं तुमच्याकडे.

८. कागदपत्रांची फाइल

एकाच फाइलमध्ये ठेवा आणि मोबाइलमध्ये स्कॅन पण:

- दहावी, बारावीच्या मार्कशीट, डिप्लोमा किंवा डिग्री, इंटर्नशिपचं सर्टिफिकेट
- परावैद्यक परिषदेची नोंदणी आणि रिन्युअलची पावती
- आधार, पॅन, डोमिसाइल, लागू असेल तर जात प्रमाणपत्र, व्हॅलिडिटी, नॉन-क्रीमी लेयर
- प्रत्येक नोकरीचं अनुभव प्रमाणपत्र, त्यात कोणत्या विभागात किती काळ आणि कोणत्या मशीनवर, हे लिहून घ्या
- ट्रेनिंगची सर्टिफिकेट, हिपॅटायटिस बी ची लस आणि टायटर

डोमिसाइल आणि नॉन-क्रीमी लेयर सेतूतून किंवा आपले सरकारवरून निघतात, सरकारी जागा निघाल्यावर तिथे गर्दी होते म्हणून आधीच काढा. आरोग्य विभागात आणि जिल्हा परिषदेत प्रयोगशाळा तंत्रज्ञ, प्रयोगशाळा वैज्ञानिक अधिकारी अशा जागा निघत असतात, तो रस्ता वेगळा आहे, परीक्षेचा, पण कागद हेच लागतात.

अनुभव प्रमाणपत्र नोकरी सोडतानाच हातात घ्या. नंतर देतो म्हणणाऱ्या एका ठिकाणी मी सात चकरा मारल्या आणि शेवटी ते मिळालंच नाही, माझं दीड वर्ष कागदावर नाहीच.

९. इंटरव्ह्यू आणि पहिले पंधरा दिवस

इंटरव्ह्यूत पुस्तकी प्रश्न कमी, प्रसंग जास्त. चुकीचा रिपोर्ट पेशंटला गेला, आता काय करणार? उत्तर हेच, आधी डॉक्टरला आणि पेशंटला फोन, मग पॅथॉलॉजिस्टच्या सहीने सुधारलेला रिपोर्ट, जुना रिपोर्ट सिस्टिममध्ये तसाच ठेवायचा पण बदलला असं दिसलं पाहिजे, मग कारण शोधायचं. आणि आधी फोन म्हणा, कारण खूप मुलं आधी कारण शोधू म्हणतात आणि तिकडे पेशंट चुकीची गोळी घेऊन मोकळा होतो. तुम्हीही त्यांना विचारा: पॅथॉलॉजिस्ट आठवड्यातून किती वेळ असतात, पीएफ आहे का, आणि माझ्या हाताखालची माणसं घेणं-काढणं कोण ठरवतं.

रुजू झालात की पहिले पंधरा दिवस काही बदलू नका. सकाळी साडेसहाला या आणि कलेक्शनच्या टेबलाजवळ उभे राहा, एका ट्यूबच्या मागे मागे रिपोर्ट निघेपर्यंत जा, कुठे किती वेळ पडून राहते ते वहीत लिहा. रात्रीच्या मुलांना एकदा रात्रीच भेटा, दिवसाच्या मीटिंगला बोलावून नाही. स्वच्छता करणाऱ्या मावशींना विचारा कोणत्या डब्यात सुया सापडतात, त्या सगळं खरं सांगतात. फ्रीजचं तापमानाचं रजिस्टर उघडा, महिनाभर सकाळ-संध्याकाळ एकाच पेनाने, एकाच अक्षरात ४ अंश, ४ अंश, ४ अंश असं लिहिलेलं दिसलं तर कोणावर ओरडू नका, आधी फ्रीजमध्ये स्वतःचा थर्मामीटर ठेवा आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता, बाहेर ऊन कडक असताना, फ्रीज उघडून तो पाहा.